स्तनाग्रविदर
अंगावर पाजणाऱ्या मातेच्या स्तनाग्राची (बोंडाची) त्वचा कोरडी पडून तीस भेगा जाणे. हा विकार बहुधा प्रसूतीनंतरच्या पहिल्या आठवड्यात उद्भवतो. मूल भोवतालचे काळसर परिवलय तोंडात न घेता केवळ बोंड चोखते, हे त्याचे मुख्य कारण होय. साबणाने वारंवार धुतल्यास नैसर्गिक स्निग्धता जाऊन कोरडेपणा वाढतो. मुलाने तोंड मोठे उघडल्यावर, त्याची हनुवटी स्तनाला टेकेल असे धरून पाजावे. नंतर दुधाचे थेंब बोंडावर लावून ते हवेत वाळू द्यावे. वेदनेमुळे पाजणे थांबविल्यास दूध तुंबून स्तनशोथ व गळू होण्याचा संभव असतो. म्हणून तेवढ्यापुरते दूध हाताने पिळून वाटी-चमच्याने पाजावे. ताप आल्यास वैद्यकीय सल्ला घ्यावा. वर्धा येथे १९९१ मध्ये स्थापन झालेली ब्रेस्टफीडिंग प्रमोशन नेटवर्क ऑफ इंडिया ही संस्था स्तनपानाच्या योग्य पद्धतीचे प्रशिक्षण देते.