सहा मिनिटांचा हिशेब

वकिलाच्या टाइमशीटमध्ये तासाचे दहा भाग असतात. ०.१ म्हणजे सहा मिनिटं. पेरुंगुडीत राजीव गांधी सलईवरच्या आमच्या कार्यालयात अमेरिकेतल्या एका मोठ्या प्रादेशिक लॉ फर्मच्या टाइमशीट तपासल्या जातात. ही फर्म खटले लढवते आणि अशिलांसाठी लॉबिंगही करते. मोबाइल लॉकरमध्ये ठेवूनच आत जायचं. आमच्यातल्या काही जणी तमिळनाडू डॉ. आंबेडकर विधी विद्यापीठाच्या पेरुंगुडी आवारात शिकलेल्या. मी पुण्याहून आलेली.

समोर एकेक नोंद येते. ‘सिनेटरच्या सहायकाशी विधेयकाबद्दल फोन, ०.३’. हे उघड लॉबिंग. ‘बैठकीची वेळ मागितली, ०.१’. नुसती वेळ मागणं कायद्याने लॉबिंगचा संपर्क ठरत नाही. ‘करसवलतीवर टिपण, ४.२’. इथे थांबावं लागतं. टिपण अशिलाच्या माहितीसाठी असेल तर तो साधा सल्ला; त्या फोनच्या तयारीसाठी असेल तर सगळे ४.२ तास लॉबिंगमध्ये मोजायचे. अशा नोंदीवर आम्ही क्वेरी लावतो आणि निर्णय फर्मचा वकील देतो.

एवढी चिकित्सा लागते ती अमेरिकेच्या १९९५ च्या लॉबिंग प्रकटीकरण कायद्यामुळे. एखाद्या वकिलाने अशिलासाठी एकाहून अधिक वेळा लॉबिंगचा संपर्क केला आणि तीन महिन्यांत त्या अशिलाला दिलेल्या वेळेपैकी २० टक्के किंवा अधिक वेळ लॉबिंगमध्ये गेला, तर तो लॉबिस्ट ठरतो. मग तिमाही अहवालात त्याचं नाव, अशिलाचं नाव, विषय, कोणत्या सभागृहाशी वा खात्याशी संपर्क झाला ते आणि मिळालेली फी हे सगळं जाहीर करावं लागतं. नेमक्या कोणत्या सिनेटरला भेटले, हे मात्र लिहावं लागत नाही. २० जुलै ही अशीच एक मुदत. त्या दिवशी वॉशिंग्टनला संध्याकाळचे सहा वाजतात, तेव्हा इथे पहाटेचे साडेतीन झालेले असतात.

आम्ही सल्ला देत नाही, सहीही करत नाही. त्याला कारण आहे. मद्रास उच्च न्यायालयात सुरू झालेल्या ए. के. बालाजी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये परदेशी वकिलांना इथे वकिली करायला मनाई केली. आउटसोर्सिंगच्या नावाखाली प्रत्यक्षात वकिली होते का, हे कामाच्या स्वरूपावरून ठरवायचं, असंही सांगितलं.

या तिमाही अहवालांचं मोल आपण एकदा पाहिलं आहे. डिसेंबर २०१२ मध्ये वॉलमार्टच्या लॉबिंग खर्चावरून आपल्या संसदेत गदारोळ झाला. भारतातल्या परकीय गुंतवणुकीचा विषय कंपनीने अमेरिकेत लॉबिंगच्या यादीत घेतल्याचं अशाच तिमाही अहवालांतून समजलं होतं. आपल्याशी संबंधित लॉबिंगचा लेखी पुरावा परक्या देशाच्या दप्तरात सापडला, कारण आपल्याकडे असं दप्तरच नव्हतं.

ते आजही नाही. २०१४ च्या धोरणानुसार केंद्राने विधेयकाचा मसुदा किमान ३० दिवस लोकांपुढे ठेवायचा असतो. सामान्य माणसाला ही एक वाट. मंत्रालयात कोणाच्या वतीने कोण गेलं, याची जाहीर नोंद करण्याची सक्ती नाही. पेरुंगुडीत बसून परक्या वकिलांच्या सहा सहा मिनिटांचा हिशेब लागतो, तर दिल्ली-मुंबईतल्या बैठकांचाही लागू शकतो. आपल्या खासदाराकडे, आमदाराकडे अशा नोंदवहीची मागणी करा, आणि ती लेखी करा.