तक्रार-समिती : कागदावरची आणि खरी

मोठ्या कचेरींत शिरलें म्हणजे दर्शनी भिंतीवर एक फलक बहुधा दिसतो. स्त्रियांच्या लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या समितीच्या सभासदांचीं नांवें त्यावर असतात. हिंजवडी-खराडीच्या काचेच्या इमारतींत तो चकचकीत असतो, भोसरीच्या कारखान्यांत जरा धुरकटलेला. येणारेजाणारे तो पाहतात आणि पुढें जातात. परंतु वरिष्ठाच्या वर्तनानें त्रासलेली एकादी मुलगी त्यापुढें थांबली, तर तिच्या मनांत एकच प्रश्न असतो : माझें ऐकलें जाईल, कीं माझीच नोकरी जाईल? कायद्याचें सारें यशापयश या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून आहे.

हा कायदा सहजासहजीं आलेला नाहीं. राजस्थानांत बालविवाहाविरुद्ध काम करणाऱ्या एका सेविकेवर १९९२ सालीं सामूहिक अत्याचार झाला. त्यांतून निघालेल्या 'विशाखा' खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें १३ ऑगस्ट १९९७ रोजीं निकाल दिला आणि संसद कायदा करीपर्यंत पाळावयाचे नियम घालून दिले. मालकानें तक्रार-समिती नेमावी, हा त्यांतील एक मुख्य नियम. नियम झाले, पण पुष्कळ कचेऱ्या जागच्या हालल्या नाहींत. तेव्हां पुण्याच्या 'आलोचना' या संस्थेच्या मेधा कोतवाल-लेले यांनीं अनेक स्त्रियांची हकीकत मांडणारें पत्र न्यायालयास लिहिलें, आणि न्यायालयानें त्या पत्रासच याचिका मानलें.

या खटल्यांत २००४ सालीं असा आदेश झाला कीं, समितीचा अहवाल हाच शिस्तभंगाच्या चौकशीचा अहवाल समजावा. वरवर ही बाब किरकोळ वाटेल. परंतु तसें नसतें तर एकदां समितीपुढें सांगितलेली क्लेशकारक हकीकत त्या स्त्रीला दुसऱ्या चौकशींत पुन्हां सांगावी लागली असती. पुढें १९ ऑक्टोबर २०१२ च्या निकालांत न्यायालयानें बजावलें कीं, नियमांचें पालन केवळ बाह्यरूपानें नव्हे, तर आशयानें व भावनेनेंहि झालें पाहिजे. त्यानंतर संसदेनें कायदा केला, आणि तो ९ डिसेंबर २०१३ पासून अमलांत आला.

आतां मनुष्यबळ-व्यवस्थापकाचें कर्तव्य पाहूं. जेथें १० किंवा अधिक माणसें काम करतात तेथें लेखी हुकुमानें अंतर्गत समिती नेमली पाहिजे. कचेऱ्या दोन ठिकाणीं असल्यास समित्याहि दोन. अध्यक्षपदीं वरच्या हुद्द्याची स्त्री असावी, निम्म्या तरी सभासद स्त्रिया असाव्यात, आणि एक सभासद बाहेरचा, स्त्रियांच्या प्रश्नांची जाण असलेला असावा. हा बाहेरचा सभासद शोभेचा नव्हे. ज्याचा पगार मालकाच्या हातीं नाहीं अशा एकानें तरी तेथें बसावें, हा त्यांतला हेतु.

तक्रार घटनेपासून ३ महिन्यांच्या आंत लेखी द्यावयाची असते. सबळ कारण असल्यास समिती आणखी ३ महिने मुदत वाढवूं शकते. चौकशी ९० दिवसांत संपवावी, अहवाल १० दिवसांत द्यावा, आणि मालकानें ६० दिवसांत त्यावर अंमल करावा. मधल्या काळांत तक्रारदार स्त्रीनें लेखी मागणी केल्यास तिची किंवा प्रतिपक्षाची बदली करण्याची, अथवा तिला ३ महिन्यांपर्यंत रजा देण्याची शिफारस समिती करूं शकते. नांवें गुप्त ठेवणें बंधनकारक आहे. तक्रार सिद्ध झाली नाहीं, एवढ्यावरून ती खोटी ठरत नाहीं. समितीच न नेमणाऱ्या मालकास ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे.

मग ज्याच्यावर आरोप आहे त्याचें काय? त्यालाहि न्याय मिळालाच पाहिजे. गोवा विद्यापीठांतील एका प्रकरणांत समितीनें चौकशी घाईनें उरकली आणि आरोपितास बाजू मांडण्यास पुरेशी संधि दिली नाहीं, म्हणून सर्वोच्च न्यायालयानें १२ मे २०२३ रोजीं बडतर्फीचा हुकूम रद्द करून चौकशी पुन्हां करण्यास सांगितलें. यांत नुकसान दोघांचेंहि झालें : त्याच्यावरचा आरोप वर्षानुवर्षें लोंबकळत राहिला, आणि तक्रार करणारींना निर्णय मिळाला नाहीं. समितीच्या सभासदांना कामाचें शिक्षण आधींच द्यावें असें कायदा सांगतो, तें याचसाठीं. तहान लागल्यावर विहीर खणण्याचा हा विषय नव्हे.

शेवटीं एक गोष्ट ऐकणाऱ्यांच्या घरापर्यंत येते. या कायद्यानें राहतें घर हेंहि कामाचें ठिकाण मानलें आहे. धुणेंभांडीं करणाऱ्या बाईसाठीं तेथें अंतर्गत समिती नसते. तिनें जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जावयाचें असतें, आणि सकृद्दर्शनीं तथ्य दिसल्यास त्या समितीनें ७ दिवसांत तक्रार पोलिसांकडे पाठवावयाची असते. लिहितां येत नसल्यास लिहून देण्यास साह्य करणें हेंहि समितीचेंच काम आहे. आपल्या मुलीच्या कचेरींत समिती आहे कीं नाहीं, याची चौकशी सुशिक्षित घरांतून होऊं लागली आहे, ती योग्यच. पण ज्या बाईच्या हातून रोज सकाळीं घर झाडलें जातें, तिला हा दरवाजा कोठें आहे हें कोणीं सांगितलें आहे काय?