दप्तराचा चार्ज एका क्लाऊडकडून दुसऱ्याकडे देतांना

अलीकडे पुष्कळ सोसायट्यांचें दप्तर संगणकावर आलें असून त्याची प्रत ‘क्लाऊड’वर, म्हणजे दूर असलेल्या एखाद्या कंपनीच्या संगणकावर, राहते. कार्यालयांत खतावणी बदलली कीं चिटणिसांच्या फोनवरहि ती आपोआप बदलते. ह्या मेळास ‘सिंक’ म्हणतात. हा मेळ वारंवार चुकूं लागला म्हणजे कमिटी सेवा बदलण्याचा ठराव करते. ठराव गैर नाहीं. परंतु दप्तर गहाळ होण्याचा खरा धोका ह्या बदलाच्या दिवसांतच असतो.

प्रथम दोष कोठें आहे तें पाहावें. गूगलच्या फुकट खात्यांत १५ जीबी जागा असते, व तींतच टपाल आणि छायाचित्रेंहि बसतात. वनड्राइव्हची ५ जीबी, ड्रॉपबॉक्सची २ जीबी. जागा भरली कीं नव्या फाइली वर चढत नाहींत, आणि बोल मात्र सेवेस लागतो. कंपन्यांकडून चूक होतच नाहीं असें नव्हे. नोव्हेंबर २०२३ मध्यें गूगल ड्राइव्हच्या संगणकावरील ८४ व्या आवृत्तींत सिंकचा दोष निघून कांहीं लोकांच्या फाइली दिसेनाशा झाल्या. त्या वेळीं कंपनीनें, खातें तोडूं नका व संगणकावरील ड्राइव्हचा साठा पुसूं नका, असेंच कळविलें. पुढील आवृत्तींत फाइली परत मिळविण्याची सोय केली. ज्यांनीं रागानें सर्व काढून टाकलें असेल, त्यांस ती सोय काय कामाची?

महसूल खात्यांत तलाठ्याची बदली झाली म्हणजे चार्ज-यादी होते. रुमाल सोडून बाडें मोजल्यावांचून नव्या मनुष्यानें सही करावयाची नसते. येथेंहि तोच रिवाज ठेवावा. जुन्या सेवेंतील फोल्डरांची व फाइलींची संख्या लिहून काढावी आणि सर्व फाइली आधीं बाहेरच्या डिस्कवर उतरवाव्यात. येथें फसगत फार होते. जागा वांचावी म्हणून संगणकावर पुष्कळदां फाइलीचें नुसतें नांव दिसतें, फाइल क्लाऊडवरच असते. तेव्हां फोल्डर ‘ऑफलाइन’ करून तें पूर्ण उतरूं द्यावें. गूगल शीट्समध्यें लिहिलेली कीर्द फोल्डरमधून उचलली असतां हातीं केवळ दुवा येतो. ती एक्सेल किंवा पीडीएफ करूनच घ्यावी. आणि गट नंबरांतील ती तिरपी रेघ! गूगल ड्राइव्हवर ‘४५/२’ हें नांव चालतें. विंडोज व वनड्राइव्हवर चालत नाहीं. तें ‘४५-२’ असें करून मगच हलवावें, नाहीं तर ऐन वेळीं मोजणीचा नकाशा सांपडत नाहीं.

दोन सेवा एकाच फोल्डरवर चालवूं नयेत. दोहोंच्या ओढाताणींत एकाच खतावणीच्या अनेक प्रती होतात, व खरी कोणती हें कळत नाहीं. नव्या सेवेंत फाइली चढल्यावर संख्या ताडून पाहावी, आणि दहा-बारा मोठ्या फाइली दुसऱ्या संगणकावर उघडाव्यात. जुनें खातें एक हिशेबतपासणी पार पडेपर्यंत केवळ वाचण्यापुरतें ठेवावें.

सेवा कोणतीहि घेतली तरी सिंक म्हणजे राखण नव्हे. एका ठिकाणीं पुसलेली फाइल सर्वत्र पुसली जाते. गूगल ड्राइव्हच्या कचरापेटींत ती ३० दिवस राहते, मग तेथूनहि जाते. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा सरकारी संकेतस्थळावरून पुन्हां काढतां येतो. सभासदांच्या शेअर्सची व कर्जाची खतावणी तशी मिळत नाहीं. म्हणून त्या बाहेरच्या डिस्कवर दर महिन्यास नवी प्रत घेऊन ती कार्यालयाबाहेर, चेअरमनसाहेबांच्या घरीं कपाटांत, कुलूप लावून ठेवावी.