पाळणाघराचा कर थोडा, हिशेब मात्र हवा

ठाणे / प्रतिनिधी

पती-पत्नी दोघेही सकाळची लोकल गाठून मुंबईकडे नोकरीला जाणारी असंख्य कुटुंबे ठाणे, डोंबिवली आणि कल्याण परिसरात राहतात. घरात आजी-आजोबा नसतील तर अशा कुटुंबांचा मोठा आधार असतो तो शेजारच्या इमारतीतील पाळणाघराचा. नौपाडा असो, डोंबिवलीतील टिळकनगर असो वा कल्याणमधील खडकपाडा, राहत्या सदनिकेतच दहा-बारा मुले सांभाळणाऱ्या काकू आणि मावशी बहुतेक वसाहतींत आढळतात. मात्र हा ‘घरचाच उद्योग’ असल्याने त्याला आयकराशी काही देणेघेणे नाही, असा समज या क्षेत्रात खोलवर रुजला आहे. दुसरीकडे, एकदा विवरणपत्र भरले की करखात्याचा ससेमिरा मागे लागेल, अशी भीतीही आहे. प्रत्यक्षात हे दोन्ही समज चुकीचे असून त्यांचा तोटा सर्वप्रथम पाळणाघर चालविणाऱ्या महिलेलाच होतो.

पाळणाघराचे शुल्क हे आयकराच्या दृष्टीने व्यवसायाचे उत्पन्न ठरते. ते रोख मिळाले, धनादेशाने मिळाले वा मोबाइलवरून जमा झाले, तरी त्यात फरक पडत नाही. लोकल रखडल्यामुळे पालक उशिरा आले आणि वाढीव तासांचे पैसे दिले, तर तेही उत्पन्नातच धरावे लागतात. प्रवेशाच्या वेळी घेतलेली परतफेडीची अनामत रक्कम मात्र उत्पन्न नव्हे. ती शुल्कात वळती करून घेतली तरच उत्पन्न ठरते. त्यामुळे अनामत आणि मासिक शुल्क यांच्या पावत्या वेगळ्या फाडणे हिताचे असते.

कर नेमका किती?

उदाहरणादाखल एका पाळणाघरात १२ मुले आहेत आणि प्रत्येकी मासिक शुल्क ५ हजार रुपये आहे, असे समजू. वर्षाची जमा ७ लाख २० हजार रुपये होते. दोन मदतनीस महिलांना प्रत्येकी ८ हजार रुपये पगार दिला तर वर्षाला १ लाख ९२ हजार रुपये खर्च होतात. खाऊ, वीज, स्वच्छता आणि खेळणी यांवर महिन्याला ६ हजार म्हणजे वर्षाला ७२ हजार रुपये गेले, तर निव्वळ नफा ४ लाख ५६ हजार रुपये राहतो.

२०२५-२६ या आर्थिक वर्षापासून नव्या करप्रणालीत करमुक्त उत्पन्नाची मूळ मर्यादा ४ लाख रुपये करण्यात आली. त्यापुढील ४ लाखांवर ५ टक्के दर आहे. म्हणजे वरील उदाहरणात ५६ हजार रुपयांवर २ हजार ८०० रुपये कर निघतो. परंतु एकूण करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असल्यास मिळणाऱ्या सवलतीमुळे हा कर शून्यावर येतो. ही सवलत केवळ नोकरदारांसाठी नाही. व्यवसायाच्या उत्पन्नालाही ती लागू आहे. पगारदारांना मिळणारी ७५ हजार रुपयांची प्रमाणित वजावट मात्र व्यवसायाच्या उत्पन्नातून घेता येत नाही. मुदत ठेवींचे व्याज, घरभाडे आदी इतर उत्पन्नही एकूण उत्पन्नात मिळवावे लागते, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

येथेच अनेकींची गफलत होते. कर शून्य आहे म्हणजे विवरणपत्राची गरज नाही, असे नाही. सवलतीपूर्वीचे एकूण उत्पन्न मूळ मर्यादेपेक्षा, म्हणजे ४ लाखांपेक्षा अधिक असेल तर विवरणपत्र भरणे बंधनकारक आहे. उत्पन्न त्याहून कमी असल्यास सर्वसाधारणपणे सक्ती नाही. परंतु तरीही ते भरणे फायद्याचे कसे, हे पुढे स्पष्ट होईल.

अनुमानित उत्पन्नाची सोय

छोट्या व्यावसायिकांना जमाखर्चाच्या वह्यांचा भार नको म्हणून १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ४४ एडीमध्ये अनुमानित उत्पन्नाची योजना होती. १९६१ च्या कायद्याची जागा घेणाऱ्या आयकर अधिनियम, २०२५ साठी १ एप्रिल २०२६ ही अंमलबजावणीची तारीख ठरविण्यात आली. त्यात कलमांचे क्रमांक बदलले असले तरी ही सोय कायम ठेवण्यात आली आहे. या योजनेनुसार रोख जमेच्या किमान ८ टक्के आणि बँक वा मोबाइलद्वारे आलेल्या जमेच्या किमान ६ टक्के रक्कम नफा म्हणून दाखविता येते. खर्चाचा तपशील द्यावा लागत नाही आणि लेखापरीक्षणही लागत नाही. वार्षिक उलाढालीची मर्यादा २ कोटी रुपये असल्याने घरगुती पाळणाघरे तिच्या आत सहज बसतात.

तथापि, ‘किमान’ हा शब्द महत्त्वाचा आहे. वरील उदाहरणात निम्मी जमा रोखीने आणि निम्मी बँकेतून आली असे धरले, तर किमान नफा ५० हजार ४०० रुपये निघतो. प्रत्यक्ष नफा आहे ४ लाख ५६ हजार. कायद्यानुसार किमान रकमेपेक्षा अधिक उत्पन्न जाहीर करण्याची मुभा आहे आणि दोन्ही आकड्यांवर कर शून्यच आहे. म्हणजे कमी आकडा दाखवून एक रुपयाही वाचत नाही. उलट उद्या घरासाठी वा मुलांच्या उच्च शिक्षणासाठी कर्ज हवे झाले की बँक विवरणपत्रे मागते. महिन्याला ४ हजार २०० रुपये कमावणारी आणि ३८ हजार रुपये कमावणारी या दोन अर्जदारांना बँक एकाच नजरेने पाहत नाही. कागदावरची ही दुसरी बाई प्रत्यक्षात पहिलीच असते. तिने फक्त आपला खरा नफा लिहिलेला असतो.

या योजनेला काही अपवाद आहेत. कमिशनचे उत्पन्न असणाऱ्या किंवा एजन्सीचा व्यवसाय करणाऱ्या व्यक्तीला ती घेता येत नाही. पाळणाघराबरोबरच आयुर्विम्याचे किंवा अल्पबचतीचे एजंट म्हणून काम करणाऱ्या महिलांनी हे विशेष लक्षात ठेवावे. त्यांना प्रत्यक्ष जमाखर्च मांडूनच नफा काढावा लागतो. तसेच योजनेत राहून नंतर पाच वर्षांच्या आत बाहेर पडल्यास पुढील पाच वर्षे तिचा लाभ मिळत नाही.

प्रत्यक्ष जमाखर्च मांडताना पगार, खाऊ, दुरुस्ती आणि विजेचा व्यवसायापुरता हिस्सा खर्चात धरता येतो. घर स्वतःच्या मालकीचे असल्यास त्याचे काल्पनिक भाडे खर्चात दाखविता येत नाही. एकाच व्यक्तीला एका दिवशी १० हजारांहून अधिक रोख दिल्यास तो खर्चही अमान्य होऊ शकतो.

पतीच्या खात्यात शुल्क नको

पालकांना पतीचा मोबाइल क्रमांक देऊन शुल्क त्याच्या खात्यात घेण्याची पद्धत सर्रास दिसते. सोयीची वाटली तरी ती अडचणीची आहे. पतीच्या खात्यातील दरमहाच्या रकमांचा खुलासा पतीला करावा लागू शकतो आणि पत्नीच्या नावावर कमाईचा कोणताही पुरावा उरत नाही. त्यामुळे पाळणाघरासाठी स्वतःच्या नावे स्वतंत्र बचत वा चालू खाते ठेवणे हा सर्वांत सोपा उपाय ठरतो. एका आर्थिक वर्षात बचत खात्यात १० लाखांहून अधिक रोख जमा झाल्यास बँक त्याची माहिती आयकर विभागाला कळविते, हेही माहीत असावे.

एखादी कंपनी आपल्या कर्मचाऱ्यांच्या मुलांचे शुल्क थेट पाळणाघराला देत असेल, तर ती उगमस्थानी करकपात करू शकते. असा कापलेला कर विवरणपत्र भरल्यावरच परत मिळतो.

अन्य करांचे काय?

वस्तू व सेवा करासाठी महाराष्ट्रात सेवांची मर्यादा वार्षिक २० लाख रुपये आहे. घरगुती पाळणाघरे सहसा तेथवर पोहोचत नाहीत. मात्र त्याच महिलेचे पोळीभाजी केंद्र वा अन्य व्यवसाय असल्यास एकाच पॅन क्रमांकावरील सर्व जमा एकत्र मोजली जाते.

व्यवसाय कर हा राज्याचा कर आहे. स्वयंरोजगार करणाऱ्यांना १९७५ च्या राज्य कायद्याखाली नावनोंदणी करून साधारणतः वर्षाला २ हजार ५०० रुपये भरावे लागतात आणि त्याची मुदत ३० जून असते. राज्यघटनेच्या अनुच्छेद २७६ नुसार या कराची कमाल मर्यादाही तेवढीच आहे. ६५ वर्षांवरील व्यक्तींना सूट असल्याने नातवंडांच्या वयाची मुले सांभाळणाऱ्या अनेक आजींना तो लागू होत नाही. मदतनीस महिलांचा पगार दरमहा २५ हजारांपर्यंत असल्यास एप्रिल २०२३ पासून त्यांच्या पगारावर हा कर नाही.

ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महापालिकांच्या मालमत्ता करात निवासी आणि अनिवासी वापराचे दर वेगळे असतात. घराचा काही भाग व्यवसायासाठी वापरला जात असल्यास आकारणी कशी होईल, हे कर निर्धारण विभागाकडून लेखी घेणे श्रेयस्कर. विजेच्या बाबतीत राज्य वीज नियामक आयोगाच्या महावितरणविषयक दर आदेशांत दिलासा देणारी तरतूद राहिली आहे. घराच्या काही भागात व्यवसाय असला तरी महिन्याला ३०० आणि मागील वर्षात ३ हजार ६०० युनिटपर्यंत वापर असल्यास घरगुती दरच लागू होतो. वातानुकूलन यंत्र बसविण्यापूर्वी हा हिशेब पाहिलेला बरा.

या साऱ्यासाठी लागणारी तयारी फार मोठी नाही. अनुक्रमांक असलेले पावतीपुस्तक, मुलांची हजेरी व शुल्क यांची एक वही, मदतनिसांना शक्यतो बँकेतून पगार, मोठ्या खरेदीची बिले आणि स्वतःचे खाते एवढे पुरेसे आहे. कर देय झालाच आणि तो वर्षाला १० हजार रुपये वा अधिक असला, तर अनुमानित योजनेतील व्यावसायिकाला अग्रिम कर १५ मार्चपर्यंत एकाच हप्त्यात भरता येतो. उत्पन्नाचे अनेक मार्ग असणाऱ्यांनी सनदी लेखापाल वा करसल्लागाराचा सल्ला घ्यावा. इतरांना वर्षाअखेरीस एक दिवस काढून हे काम स्वतः करता येण्याजोगे आहे. वर्षानुवर्षे इतरांची मुले सांभाळणाऱ्या महिलेच्या श्रमांची नोंद सरकारदरबारी आणि बँकेत तिच्याच नावावर होण्याचा हा सर्वांत स्वस्त मार्ग आहे.