ऑर्सचं छोटं युद्धस्मशान

उत्तर फ्रान्समधलं ऑर्स हे लहानसं गाव. गावच्या स्मशानभूमीच्या एका कोपऱ्यात पहिल्या महायुद्धातल्या साठेक ब्रिटिश सैनिकांच्या कबरी आहेत. यातले बहुतेक 4 नोव्हेंबर 1918 ला, म्हणजे युद्धविरामाच्या फक्त सात दिवस आधी, जवळचा साम्ब्र-वाझ कालवा ओलांडताना मारले गेले. पलीकडच्या काठावर जर्मन मशीनगन होत्या आणि कालव्यावर तरंगता पूल टाकायचा होता. जेम्स कर्क हा 21 वर्षांचा अधिकारी तराफ्यावरून पुढे गेला आणि साथीदारांना वाचवण्यासाठी गोळीबार करत राहिला. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तो इथेच आहे.

आणि इथेच आहे कवी विल्फ्रेड ओवेन, वय 25. दोन साध्या शिपायांच्या मधोमध, तसाच पांढरा दगड. अधिकारी असो वा शिपाई, दगड सारखाच; अशा युद्धस्मशानांची हीच गोष्ट मला सर्वांत मोठी वाटते. ओवेनच्या मृत्यूची तार घरी पोचली 11 नोव्हेंबरला, तिथे युद्धविरामाच्या घंटा वाजत असताना.

आपल्यासाठी एक धागा: आघाडीवर परत जाताना ओवेनने आईचा निरोप घेतला तो गीतांजलीतल्या ओळींनी. आईने 1920 मध्ये रवींद्रनाथांना पत्र लिहून हे कळवलं.

कधी गेलात तर लक्षात ठेवा, ऑर्सजवळ वेगळं ब्रिटिश युद्धस्मशानही आहे. ओवेन तिथे नाही, गावच्या स्मशानभूमीत आहे.