‘दिवस’ म्हणजे किती तास? जाहिरात निर्मितीत फ्रीलान्स काम करणाऱ्यांनी आपला दर कसा ठरवावा

रात्री साडेदहाला फोन येतो. “उद्यापासून एक ॲड आहे, मोकळा आहेस ना? पैशाचं बघून घेऊ.” आपण लगेच “हो सर” म्हणतो. काम मिळाल्याचा आनंद इतका असतो की किती दिवस, किती तास, किती पैसे हे विचारायचे राहूनच जाते. खरे सांगायचे तर राहून जात नाही. विचारायची भीती वाटते. विचारले तर काम दुसऱ्याला जाईल, ही ती भीती.

मुंबईत जाहिरातींच्या निर्मितीत रोजाच्या दराने काम करणारे आम्ही काही जण या भीतीतून गेलो आहोत. आमच्यापैकी बहुतेकांच्या घरात या क्षेत्रातले आधी कोणीच नव्हते. वडील नोकरीत, नाहीतर मजुरीवर. त्यामुळे ‘चालू भाव काय आहे?’ हे विचारायला ना मामा होता, ना काका. आता आपल्या वस्त्यांतून, कॉलेजांतून बरीच मुले-मुली या कामाकडे येत आहेत. आम्ही जे ठेचा खाऊन शिकलो ते त्यांना पहिल्या फोनच्या आधी कळावे, म्हणून हा लेख.

आधी साखळी समजून घ्या

इथे प्रोड्युसर म्हणजे पैसे गुंतवणारा माणूस नव्हे. चित्रीकरण घडवून आणणारा माणूस. लोकेशन, परवानग्या, गाड्या, जेवण, कॅमेरा-लाइटचे भाडे, कलाकारांच्या वेळा, रोजचा रोख खर्च आणि शेवटी सगळा हिशेब ही त्याची जबाबदारी. लाइन प्रोड्युसर, प्रोडक्शन मॅनेजर, प्रोडक्शन असिस्टंट अशा त्याच्या पायऱ्या आहेत आणि यातले बरेच जण फ्रीलान्स असतात.

पैसा वरून खाली येतो. कंपनी जाहिरात संस्थेला काम देते. संस्था दोन-तीन प्रोडक्शन हाउसकडून खर्चाचे अंदाज मागवते आणि एकाला काम देते. त्या अंदाजपत्रकात प्रोडक्शन टीमच्या मानधनाची ओळ साधारणपणे आधीच लिहिलेली असते. आपल्याला फोन येतो तेव्हा बजेट मंजूर झालेले असते, किंवा होण्याच्या बेतात असते. म्हणून ‘बजेट नाही’ हे वाक्य ऐकल्यावर लगेच मान खाली घालू नये. बऱ्याचदा त्याचा अर्थ ‘तुझ्या ओळीतले पैसे वाचवायचे आहेत’ एवढाच असतो. कधी बजेट खरोखरच लहान असते. दोन्हींतला फरक प्रश्न विचारल्यावरच कळतो.

पॅकेजचा सापळा

आमच्यातल्या एकाने सुरुवातीच्या काळात एका ॲडसाठी 25,000 रुपयांचे ‘पॅकेज’ घेतले. शूट दोन दिवसांचे होते. दोन दिवसांचे 25,000 म्हणजे भारीच, असे वाटले. प्रत्यक्षात तयारीला 6 दिवस गेले, रेकीला 1, शूटला 2 आणि नंतर बिले गोळा करून हिशेब द्यायला 3. एकूण 12 दिवस. म्हणजे दिवसाला सुमारे 2,083 रुपये. शूटचे दोन्ही दिवस सोळा-सोळा तासांचे झाले. त्यात रोख संपल्यावर त्याने गाडीभाड्याचे पैसे स्वतःच्या खिशातून घातले. सगळे मिळून पैसे हातात पडायला चार महिने लागले. हाच महिना दुसऱ्या कामावर घालवला असता तर बरे झाले असते, हे त्याला हिशेब मांडल्यावर कळले.

चूक आकड्याची नव्हती. किती दिवस आणि किती तास हे न ठरवताच आकडा मान्य केला, ही चूक होती.

आपला दर कसा काढायचा

दर म्हणजे समोरच्याच्या मनात आलेला आकडा नव्हे. आपल्या जगण्याचा हिशेब त्यात असतो. समजा, घरखर्चाला महिन्याला 35,000 रुपये लागतात. वर्षाचे झाले 4,20,000. फोन, लॅपटॉप, प्रवास, आरोग्य विमा यांसाठी 60,000 धरा. आजारपण आणि रिकाम्या महिन्यांसाठी आणखी 60,000. एकूण 5,40,000. हे आकडे फक्त उदाहरणासाठी आहेत. स्वतःचे घालून पाहा.

आता वर्षातले कामाचे दिवस मोजा. फ्रीलान्स माणसाला 365 दिवस काम नसते. पावसाळ्यात बाहेरची शूट कमी होतात, शूट पुढे ढकलली जातात, काही आठवडे फोनच वाजत नाही. पैसे देणारे दिवस वर्षाला 120, म्हणजे महिन्याला सरासरी 10 मिळाले असे धरले तर 5,40,000 भागिले 120, म्हणजे दिवसाला 4,500 रुपये. हा तुमचा किमान दर. त्याखाली गेलात तर उरलेली रक्कम कुठून तरी भरावी लागते, बहुतेक वेळा उसनवारीतून किंवा आईच्या बचतगटाच्या कर्जातून. तेच वर्ष 2,500 रुपयांच्या दराने भागवायचे तर 216 दिवसांचे काम लागेल. ते मिळणार आहे का, हे आधीच स्वतःला विचारा.

हा आकडा काढल्यावर तुमच्याच पायरीवर काम करणाऱ्या तीन-चार जणांना त्यांचा दर विचारा. तुमचा आकडा बाजाराच्या फार वर असेल तर अनुभव वाढेपर्यंत दिवस वाढवावे लागतील. फार खाली असेल तर तुम्ही आजवर स्वस्तात गेलात.

‘दिवस’ ठरवल्याशिवाय दर ठरत नाही

हा या लेखातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. पुढच्या गोष्टी आकडा सांगण्याआधी विचारा.

*तास किती?* मुंबईच्या जाहिरात शूटमध्ये साधारण 12 तासांची शिफ्ट धरली जाते आणि ती कॉल टाइमपासून मोजतात. पण प्रोडक्शनची माणसे कॉलच्या आधी दीड-दोन तास पोहोचतात आणि पॅक-अपनंतर सगळे सामान गेल्यावर निघतात. तुमची शिफ्ट तुम्ही पोहोचल्यापासून मोजली जाईल, हे आधी बोला. 12 तासांनंतर प्रत्येक तासाचे किती, हेही ठरवा. 4,500 च्या शिफ्टला तासाचे 375 पडतात. जादा तासाला किमान तेवढे तरी मिळालेच पाहिजेत. मागताना दीडपट मागा.

*तयारीचे आणि आवराआवरीचे दिवस किती?* शूटच्या दिवसाला पूर्ण दर आणि तयारीच्या दिवसाला थोडा कमी दर, अशी तडजोड चालते. शून्य दर ही तडजोड नव्हे.

*तारीख राखून ठेवली आणि शूट रद्द झाले तर?* तारखा दिल्या म्हणजे आपण दुसरे काम सोडले. आदल्या दिवशी रद्द झाल्यास किती आणि दोन-तीन दिवस आधी रद्द झाल्यास किती, हे सांगून ठेवा.

*रात्री घरी कसे जायचे?* शेवटची लोकल गेल्यावर पॅक-अप झाले तर कॅब कोण देणार? कल्याण, बदलापूर, विरारला राहणाऱ्यांसाठी हा लहान प्रश्न नाही. मुलींसाठी तर तो आधी विचारायचा प्रश्न आहे.

*रोख खर्च कोण देणार?* आमचा नियम एकच. प्रोडक्शनचा खर्च आपल्या खिशातून करायचा नाही. रोख संपली तर काम थांबवून नव्हे, फोन करून पैसे मागवायचे. आधी पैसे, मग खरेदी.

बोलायचे कसे

आपल्याकडे पैशाबद्दल बोलणे म्हणजे हावरटपणा, असे बिंबवलेले असते. ते मनातून काढा. समोरचा रोज कॅमेऱ्याच्या भाड्यासाठी घासाघीस करतो. त्याला तुमच्या दराचे वाईट वाटणार नाही. आवाज चढवू नका, स्पष्टीकरण देत बसू नका. घरची अडचण सांगू नका, कारण अडचण सांगितली की दराची दया होते. आकडा सांगा आणि गप्प बसा.

समोरून येणारे वाक्य ठरलेले असते: “बजेट टाइट आहे रे. अडीच हजारात कर, पुढच्या ॲडला ॲडजस्ट करतो.”

याचे उत्तर असे देता येते: “सर, बारा तासांच्या शिफ्टचा माझा दर साडेचार हजार आहे. बजेट कमी असेल तर आपण दिवस कमी करू. मी रेकीपासून येतो, आधीचे फोन तुमच्या ऑफिसमधून होतील का? बिलांचा हिशेबही तिथेच होत असेल तर माझे तीन दिवस वाचतील.”

यात दर तसाच राहतो, काम कमी होते. दर एकदा उतरला की तो त्या ऑफिसमध्ये तुमचा कायमचा दर होतो. पुढच्या ॲडचे आश्वासन आम्ही अनेकदा ऐकले आहे. पुढच्या ॲडला बजेट पुन्हा टाइटच असते. शिकायला मिळते म्हणून कमी पैशात एखादे काम करायचे असेल तर जरूर करा. पण पूर्ण दर लिहून त्यातून सवलत दाखवा, म्हणजे खरा दर कागदावर राहतो.

बोलणे संपल्यावर दहा मिनिटांत मेसेज किंवा ई-मेल पाठवा. वकिली भाषा लागत नाही:

“नमस्कार सर. बोलल्याप्रमाणे: तयारी 3 दिवस, शूट 2 दिवस, हिशेब 1 दिवस. शूटचा दर 12 तासांचे 4,500, नंतर तासाप्रमाणे जादा. प्रवास आणि रोख खर्च प्रोडक्शनकडून. अर्धी रक्कम आधी, उरलेली बिल दिल्यापासून 45 दिवसांत. कृपया ‘ओके’ कळवा, मी तारखा राखून ठेवतो.”

समोरून आलेला ‘ओके’ हा तुमचा पुरावा आहे. तो जपून ठेवा.

बिल आणि उशिरा येणारे पैसे

काम सुरू होण्याच्या आधीच ‘उद्यम’ नोंदणी करून घ्या. ती ऑनलाइन आणि मोफत आहे. एजंटला पैसे देण्याची गरज नाही. सेवा देणारी एकटी व्यक्तीही सूक्ष्म उद्योग म्हणून नोंद करू शकते. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार अशा पुरवठादाराचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि करार नसेल तर 15 दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागू होते. तक्रार सुविधा परिषदेकडे ऑनलाइन करता येते. उशीर करणाऱ्या कंपनीला तो खर्च पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत आयकरात वजा करता येत नाही, अशीही तरतूद आहे. म्हणून बिलावर उद्यम क्रमांक छापा. बऱ्याचदा भांडणाची वेळच येत नाही.

बिलात मानधन आणि खर्चाची भरपाई वेगवेगळी दाखवा, नाहीतर खर्चाच्या रकमेवरही टीडीएस कापला जाऊ शकतो. व्यावसायिक शुल्क म्हणून धरले तर साधारण 10 टक्के आणि कंत्राट म्हणून धरले तर व्यक्तीसाठी 1 टक्का टीडीएस कापतात. हे पैसे बुडत नाहीत. विवरणपत्र भरल्यावर करात वळते होतात, जास्त कापले असतील तर परत मिळतात. विवरणपत्र न भरणारे आपले अनेक मित्र दरवर्षी ते सोडून देतात.

न ठरवलेले काम कोणाच्या फायद्याचे

काम किती, वेळ किती, मोबदला किती हे न ठरवता राबवून घेणे आपल्या समाजाला नवे नाही. महार वतन नेमके तेच होते. हाक आली की जायचे, काम संपेपर्यंत थांबायचे आणि मोबदला देणाऱ्याच्या मर्जीवर. 1928 साली बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, त्यामागे हा प्रश्न होता. पुढे 1942 ते 1946 ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री होते. कारखान्यातील कामाचा आठवडा 48 तासांवर आणणारी दुरुस्ती 1946 मध्ये झाली.

फ्रीलान्स माणसाच्या सोळा तासांच्या शूटवर तो कायदा येऊन उभा राहत नाही. तिथे आपला मेसेज हाच आपला कायदा. म्हणून तो लिहायला लाजू नका.

आपण खुर्चीत बसल्यावर

शेवटची गोष्ट आम्हाला स्वतःलाही सांगायची आहे. आपले दर एकमेकांपासून लपवू नका. दर गुप्त ठेवल्याने फायदा फक्त घेणाऱ्याचा होतो. नव्या मुलाने विचारले तर खरा आकडा सांगा. तोच त्याचा मामा-काका.

आणि प्रोड्युसर म्हणून आपण दुसऱ्यांचेही दर ठरवतो. स्पॉट दादा, लाइटमन, सेटवर सामान उचलणारी माणसे, कालच कामाला लागलेली असिस्टंट मुलगी. बजेट कमी पडले की पहिली कात्री त्यांच्याच ओळीवर चालते आणि ती कात्री आपल्या हातात असते. आपल्याला आलेला रात्री साडेदहाचा तो फोन उद्या आपण कोणाला तरी करणार आहोत. त्या वेळी ‘पैशाचं बघून घेऊ’ म्हणू नका. दिवस, तास आणि आकडा आधी सांगा.