टायटॅनियमचे बोल्ट: निळ्या रंगावर जाऊ नका

कुहीहून बोलतोय. गाडी हलकी करायची म्हणून निळे-जांभळे टायटॅनियमचे बोल्ट मागवायची हौस आता आपल्याकडेही आली आहे. तेव्हा आज त्यावरच बोलू.

आधी वजन. एक घन सेंटिमीटर पोलाद साधारण ७.८५ ग्रॅम भरतं, टायटॅनियम ४.५ आणि अ‍ॅल्युमिनियम २.७. म्हणजे टायटॅनियम काही सगळ्यात हलकं नाही. त्याची खरी खुबी हलकेपणा आणि ताकद एकत्र मिळण्यात आहे. पण ती ताकद मिश्रधातूची, बरं का! ६ टक्के अ‍ॅल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम घातलेलं ग्रेड ५ साधारण ९०० मेगापास्कल ताण सोसतं. शुद्ध ग्रेड २ त्याच्या निम्म्यापर्यंत जेमतेम पोचतं. आता ब्रेक, सस्पेन्शनचे बरेच बोल्ट १०.९ मार्काचे, म्हणजे १००० मेगापास्कलचे असतात. तिथे त्याच मापाचा अस्सल ग्रेड ५ बोल्टही कमीच पडतो, मग बिनमार्काचा कसा चालेल भाऊ? आणि चाकाच्या १६ नटांत मिळून किलोभरही वजन वाचत नाही.

कंपन्या टायटॅनियम वापरतात ते जिथे फायदा मोठा आहे तिथे. होंडाने १९९० च्या एनएसएक्समध्ये कनेक्टिंग रॉड टायटॅनियमचे केले. ८००० आरपीएमला इंजिन सेकंदाला १३३ फेरे घेतं, आणि प्रत्येक फेऱ्यात पिस्टन आणि रॉड वर-खाली झटका खातात. तिथे कमी झालेला एकेक ग्रॅम मोलाचा. २००१ च्या कॉर्व्हेट झेड०६ ला टायटॅनियमचा सायलेन्सर होता. पातळ पत्रा, गंजाची भीती नाही, आणि वजन किलोंमध्ये कमी होतं.

सायलेन्सर इथेच बनवून घेऊ म्हणाल, तर थांबा. ट्रॉली जोडणारे आपले वेल्डर हुशार आहेत, पण तापलेलं टायटॅनियम हवेतला ऑक्सिजन, नायट्रोजन शोषून ठिसूळ होतं. म्हणून नळीच्या आतून-बाहेरून आरगॉन वायू लागतो. चांगला जोड चांदीसारखा चकाकतो. वेल्डिंग होताच निळा किंवा भुरकट पांढरा दिसला, तर हवा लागली समजा. वापराने तापून नळीवर येणारा निळा रंग वेगळा, त्याने काही बिघडत नाही.

दुकानात लोहचुंबकावर विसंबू नका. स्टेनलेसच्या बऱ्याच जातींनाही तो चिकटत नाही. काटा काढा. त्याच मापाचा पोलादी बोल्ट १०० ग्रॅम भरला, तर टायटॅनियमचा ५६-५७ ग्रॅम भरायला हवा. ९०-९५ भरला, तर निळा रंग दिलेलं पोलाद आहे ते.